साखर गेली मोरोक्कोला, पैसा अडकला न्यूयॉर्कात



काटापावतीचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. उसाची गाडी काट्यावरून गव्हाणीकडे गेली की तो ऊस आपला राहत नाही. तासाभरात त्याचा रस होतो, आणि कोणाच्या फडातला रस कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. हातात उरते ती चिठ्ठी, आणि बिल निघते ते त्या चिठ्ठीवर. म्हणूनच घरोघरी या पावत्या देवाच्या फोटोमागे खोचलेल्या असतात आणि एखादी गहाळ झाली की शेतकी ऑफिसात धावपळ होते.

परदेशी जाणाऱ्या साखरेचे असेच आहे. फक्त कागद जास्त, आणि माणसे एकमेकांना अनोळखी. मेळाव्यात निर्यातीचा विषय निघाला तेव्हा एका सभासदाने विचारले, "साखर बोटीत चढली म्हणजे पैसे आलेच की नाही?" प्रश्न साधा आहे, उत्तर साधे नाही. मी ऊस विकास खात्यातला माणूस. बेणे, खत आणि लागणीच्या तारखा हे माझे काम, कायद्याची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु या प्रश्नाला उत्तर म्हणून एका बोटीची हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला तो खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासाला असतो. त्याच्या मुळाशी साखर आहे, म्हणजे आपलाच माल आहे. तेव्हा तो आपल्याला समजायला अवघड जाऊ नये.

आधी कागद समजून घेऊ. माल चढवून घेतल्यावर बोटीवाल्यांकडून जी पावती मिळते तिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. ही बोटीची काटापावतीच. फरक एवढाच की आपली काटापावती बाजारात विकता येत नाही. बोटीची पावती मात्र पाठीमागे सही करून दुसऱ्याच्या हवाली करता येते, आणि ती ज्याच्या हाती असेल त्याने बंदरात माल सोडवून घ्यायचा. बोट समुद्रात असतानाच माल दोन-तीनदा हात बदलतो तो असा.

आता विकणारा एका देशात, घेणारा दुसऱ्या देशात. विकणारा म्हणतो आधी पैसे, घेणारा म्हणतो आधी माल. दोघांच्या मध्ये बँक बसते. विकणाऱ्याच्या वतीने बँक ही पावती आणि दर्शनी हुंडी घेऊन घेणाऱ्याच्या दारात जाते आणि म्हणते, पैसे मोजा, पावती घ्या. याहून पक्की रीत पतपत्राची, व्यापारी ज्याला एल.सी. म्हणतात. त्यात घेणाऱ्याची बँकच लिहून देते की अमुक अमुक कागद अमुक तारखेच्या आत दाखवा, पैसे आम्ही देऊ. बँक पोते फोडून दाणा बघत नाही. कागदावर लिहिलेले पतपत्रातल्या अटींशी जुळते की नाही एवढेच बघते. याचे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३३ सालापासून घालून दिलेले आहेत. सध्याचे नियम १ जुलै २००७ पासूनचे आहेत आणि त्यांत कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस दिलेले आहेत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरले आहे. फराक्का धरणाच्या कालव्याच्या खोदाईसाठी मद्रासच्या एका ठेकेदार कंपनीने १९६० नंतरच्या दशकात मॉस्कोहून यंत्रे मागवली. पतपत्र बँक ऑफ इंडियाने दिले. यंत्रे सांगितल्यासारखी काम करीत नाहीत म्हणून कंपनीने मद्रास उच्च न्यायालयातून पैसे देण्याविरुद्ध मनाई आणली. सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. यंत्राचे भांडण यंत्रवाल्याशी वेगळे भांडा, बँकेने दिलेला शब्द त्यात ओढू नका, असा निकालाचा मथितार्थ. कोणाला हे कडक वाटेल. मला ते बरोबर वाटते, कारण तसे नसते तर कोणीही परक्या मुलखात माल पाठवला नसता.

इतकी पूर्वतयारी झाली. आता क्युबा.

साल १९६०. क्युबा म्हणजे त्या काळी साखरेचे कोठार. तिकडचा ऊस बहुतांशी पावसावर, आणि खोडवा वर्षानुवर्षे राखायची चाल. (आपल्याकडे तिसऱ्या खोडव्याला मी नाही म्हणतो तेव्हा काही मंडळी क्युबाचे नाव पुढे करतात. त्यांनी तिथली जमीनही बघावी आणि एकरी उतारही बघावा.) पुष्कळसे कारखाने अमेरिकन भांडवलाचे. अमेरिका दरवर्षी कोणत्या देशाची किती साखर घ्यायची याचा कोटा ठरवीत असे, आणि कोट्यातल्या साखरेला जगाच्या बाजारापेक्षा सहसा चढा भाव मिळे. तेव्हा कोटा म्हणजे क्युबाच्या नाकातली वेसण. १९५९ च्या जानेवारीत फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले आणि दोन्ही देशांचे बिनसू लागले. ६ जुलै १९६० रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने कोटा कापण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याच दिवशी सात लाख टनांची कपात केली. क्युबानेही त्याच दिवशी कायदा क्रमांक ८५१ मंजूर केला. अमेरिकन लोकांचा हितसंबंध असलेली मालमत्ता सक्तीने ताब्यात घेण्याची मुभा त्यात होती.

भरपाईची तरतूदही होती. ती ऐका, म्हणजे सरकारी कायद्यात काय काय मावते ते कळेल. भरपाई रोख नाही, रोख्यांत. मुदत तीस वर्षांहून कमी नाही, व्याज २ टक्के. हे रोखे फेडायचे कशातून? तर अमेरिकेने एका वर्षात ३० लाख टनांच्या वर क्युबाची साखर घेतली, आणि तीही पौंडाला पावणेसहा सेंटच्या खाली भाव न येऊ देता घेतली, तर वरच्या विक्रीतून. ज्या अमेरिकेने त्याच दिवशी कोटा कापला, तिनेच जादा साखर घ्यायची! वांझेला मूल होईल तेव्हा बारशाला या, असे म्हणण्यापैकी हे होते.

अशा दिवसांत न्यूयॉर्कच्या फार, व्हिटलॉक आणि कंपनी या साखर दलालांनी एका क्युबन कंपनीशी साखरेचा सौदा केलेला होता. कंपनीचे नाव लांबलचक आहे. कामागुए भागातल्या वेर्तिएन्तेस गावावरून ते पडले, म्हणून आपण तिला वेर्तिएन्तेस कंपनी म्हणू. नोंदणी क्युबाची, भागधारक मुख्यतः अमेरिकेत राहणारे. सौदा बोटीच्या कडेला पोच, आणि पैसे न्यूयॉर्कात, बोटीची पावती व दर्शनी हुंडी दाखवल्यावर. ही शेवटची अट ध्यानात ठेवा.

हुकारो बंदरासमोर होर्नफेल्स नावाची बोट किनाऱ्यापासून दूर उभी होती. ६ ऑगस्ट १९६० ला साखर चढायला लागली आणि ९ तारखेला चढवून झाली. माल जायचा होता मोरोक्कोला. ज्या दिवशी पहिली साखर चढली त्याच दिवशी क्युबन सरकारने हुकूम काढून बऱ्याच कंपन्या एका फटक्यात ताब्यात घेतल्या, त्यांत वेर्तिएन्तेसही आली. म्हणजे चढवायला सुरुवात करताना साखर कोणाची, आणि चढवून संपली तेव्हा कोणाची, हाच वाद उभा राहिला. आता सरकारच्या परवानगीशिवाय बोटीला क्युबाचे पाणी सोडता येईना. दलाल कंपनीने व्यवहार ओळखला. ११ ऑगस्टला तिने तोच करार, त्याच शब्दांत, सरकारच्या परदेश व्यापार बँकेशी नव्याने केला. १२ ऑगस्टला होर्नफेल्स मोरोक्कोच्या दिशेने निघाली.

साखरेची गोष्ट इथे संपली. पुढे राहिले कागद.

व्यापार बँकेने बोटीच्या पावत्या क्युबाच्या राष्ट्रीय बँकेच्या नावे केल्या. राष्ट्रीय बँकेने न्यूयॉर्कमधली आपली आडत, सोसिएते जनराल ही फ्रेंच बँक, हिला कळवले की १,७५,२५०.६९ डॉलर घ्या आणि पावत्या द्या. त्या वेळच्या ४ रुपये ७६ पैशांच्या दराने ही रक्कम सव्वाआठ लाख रुपयांच्या वर जाते. १९६० चे सव्वाआठ लाख, हे विसरू नका. २६ ऑगस्टला फ्रेंच बँक कागद घेऊन दलालाच्या दारात गेली, आणि दलालाने नकार दिला. कारण त्याच दिवशी जुनी वेर्तिएन्तेस कंपनी पुढे आली होती. ती म्हणाली, साखर आमची, सरकारने ती लुटली, तेव्हा पैसे आमचे. क्युबाला पैसे देऊ नका. त्यापायी तुमचे काही नुकसान झाले तर आम्ही भरून देऊ, आणि पैसे आम्हाला मिळाले तर त्यातला दहावा हिस्सा तुमचा.

मग दलालाने जे केले त्याला हुशारी म्हणायचे की आणखी काही, ते ज्याने त्याने ठरवावे. त्याने पावत्या स्वीकारल्या. त्या पावत्या आपल्या गिऱ्हाइकाला देऊन साखरेचे पैसे वसूल केले. आणि ते पैसे फ्रेंच बँकेला दिले नाहीत. आपल्याकडे एखाद्या व्यापाऱ्याने गुळाच्या रव्यांची पावती घेऊन माल विकावा आणि मालकाला सांगावे, की तुमच्या भाऊबंदांत वाद आहे, तो मिटवा आणि मग या, त्यातला हा प्रकार. न्यूयॉर्कच्या कोर्टाने वेर्तिएन्तेसच्या तिथल्या मालमत्तेवर पीटर सॅबाटिनो या गृहस्थांना तात्पुरते रिसीव्हर नेमले आणि पैसे राज्याबाहेर जाऊ देऊ नका असा मनाई हुकूम दिला. पुढे रक्कम सॅबाटिनोंच्या हवाली झाली. बिचाऱ्यांचा साखरेशी संबंध एवढाच, पण खटला कायमचा त्यांच्या नावाने ओळखला जातो.

क्युबाच्या राष्ट्रीय बँकेने दावा लावला. पहिला मुद्दा असा निघाला की १९६१ च्या जानेवारीत दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले, तेव्हा क्युबाला अमेरिकेच्या कोर्टाची पायरी चढता येते का? येते, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. संबंध तुटले म्हणजे युद्ध पुकारले असे नव्हे. ही गोष्ट मला त्या निकालातली सर्वांत मोठी वाटते, आणि तिच्यावर कमी बोलले जाते.

दुसरा मुद्दा खरा अवघड होता. क्युबाचा हुकूम आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून नाही, म्हणून त्याने मिळालेली मालकी खोटी, असे खालच्या कोर्टाने १९६१ मध्ये आणि अपिलाच्या कोर्टाने १९६२ मध्ये म्हटले होते. २३ मार्च १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. आठ विरुद्ध एक. निकालपत्र न्यायमूर्ती हार्लन यांचे, विरोधात एकटे न्यायमूर्ती व्हाइट. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे, की एका देशाच्या सरकारने आपल्या शिवेच्या आत जे केले त्याची उलटतपासणी दुसऱ्या देशाच्या कोर्टाने करत बसू नये. अशी मालमत्ता घेणे न्याय्य की अन्याय्य यावर जगातल्या देशांतच एकमत नाही. तेव्हा त्याचा सोक्षमोक्ष सरकारांनी आपसात बोलून लावावा. व्हाइट यांना हे पटले नाही. कोर्टाने आंतरराष्ट्रीय कायद्याकडे डोळे झाकून निकाल कसा द्यायचा, असा त्यांचा सवाल होता.

म्हणजे क्युबा जिंकला. पैसे मिळाले का? नाही.

त्याला दोन कारणे. जुलै १९६३ मध्ये अमेरिकन सरकारने क्युबाची आपल्या देशातली मालमत्ता गोठवलेली होती, त्यामुळे निकाल बाजूने लागला तरी रक्कम हवानाला जाण्याचा रस्ता बंदच होता. आणि दुसरे म्हणजे, निकालाने खवळलेल्या काँग्रेसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदाच बदलला. आयोवाचे सिनेटर हिकनलूपर यांच्या नावाने ती दुरुस्ती ओळखली जाते. १ जानेवारी १९५९ नंतरच्या अशा जप्त्यांच्या बाबतीत कोर्टांनी आंतरराष्ट्रीय कायदा लावून निवाडा करावा, असे तिने फर्मावले. खटला परत खाली गेला. १९६५ मध्ये क्युबाचा दावा फेटाळला, १९६७ मध्ये अपिलात तेच कायम झाले, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लक्ष घालायला नकार दिला. एका बोटीच्या साखरेच्या पैशाला आठ वर्षे लागली. साखर तर १९६० मध्येच मोरोक्कोच्या चहात विरघळून गेली असेल.

या साऱ्या खटल्यात ऊस पिकवणारा कुठेच पक्षकार नव्हता. तिकडेही कारखान्याला ऊस घालणारे शेतकरी होते, त्यांना कोलोनो म्हणत. कंपनी, सरकार, दलाल, तीन बँका, रिसीव्हर, सगळ्यांचे वकील उभे राहिले. कोलोनोचा वकील नव्हता.

आता याच्या जोडीला दुसरा खटला ठेवा, म्हणजे बँकेचे अंग दिसेल. त्याच १९६० च्या ऑगस्टमध्ये फर्स्ट नॅशनल सिटी बँकेने, म्हणजे आजच्या सिटीबँकेने, क्युबाच्या त्याच परदेश व्यापार बँकेच्या नावे साखरेच्या एका सौद्यासाठी पतपत्र दिले होते. साखर पोचली. १५ सप्टेंबरला १,९३,२८०.३० डॉलरची मागणी करणारे कागद धाडण्यात आले. आणि १७ सप्टेंबरला क्युबन सरकारने सिटीबँकेच्या देशातल्या सगळ्या, अकरा, शाखा ताब्यात घेतल्या. मागणी हाती आली तेव्हा बँकेने काय करावे? तिने रक्कम क्युबाच्या खात्यात जमा दाखवली आणि तिथल्या तिथे आपल्या गेलेल्या शाखांच्या किमतीपोटी वळती करून घेतली.

वजावट म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नकोच. ऊस बिलातून सोसायटीचे कर्ज, पाणीपट्टी, बेणे-खताची उचल कापून उरलेली रक्कम हातात येते, तेव्हा कोणाचा चेहरा कसा होतो ते मी दर हंगामात पाहतो. पण तिथे कापले जाते ते ज्याचे त्याच्याच नावचे. इथे व्यापार बँक म्हणाली, शाखा घेतल्या त्या सरकारने. आम्ही वेगळी संस्था आहोत, आमचा कायदा वेगळा, आमचे भांडवल वेगळे. सरकारच्या कर्जापोटी आमचे पैसे का कापता? मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. भावाच्या थकबाकीपोटी माझे बिल अडवले तर मीही हेच म्हणेन. परंतु १९६१ च्या फेब्रुवारीत दावा लावल्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारने ही व्यापार बँक बरखास्त केली आणि तिचे सारे सरकारच्या इतर खात्यांत व बँकेत वाटून टाकले. १९८३ च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सिटीबँकेची वजावट मान्य केली. दावा जिंकला तर पैसे शेवटी क्युबन सरकारच्याच गाठीला जाणार, मग सरकारने वेगळ्या संस्थेचा बुरखा पांघरून मागावे आणि आपले देणे टाळावे हे न्यायाचे नाही, असे न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या निकालपत्राचे सार आहे. बावीस वर्षे झाली होती.

ही "वेगळी संस्था" सगळीकडे अशी उघडी पडते असे नाही. उलट उदाहरण पोलंडचे. १९७४ मध्ये पोलंडच्या सरकारी निर्यात संस्थेने, रोलिम्पेक्सने, लंडनच्या झार्निको या जुन्या साखर पेढीला साखर विकली. शरद ऋतूत तिकडे पाऊस आणि पूर, बीटचे पीक बुडाले, देशातच साखर पुरेना. सरकारने नोव्हेंबरमध्ये निर्यातबंदी केली. रोलिम्पेक्सने हात वर केले की सरकारने बंदी घातली, आमचा नाइलाज. झार्निको म्हणाले, सरकार तुम्हीच आणि बंदी घालणारेही तुम्हीच! प्रकरण लवादाकडून कोर्टात आणि शेवटी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेले. १९७८ मध्ये निकाल लागला तो रोलिम्पेक्सच्या बाजूने. ती संस्था सरकारची असली तरी सरकार नव्हे, आणि बंदी तिच्या संगनमताने घातलेली नाही, असे ठरले. साखर न मिळालेल्या पेढीला नुकसानभरपाई मिळाली नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच, उत्तरे उलटी. कागदावरची संस्था खरोखर वेगळी चालते का, हे ज्या त्या ठिकाणी पुराव्यावरून बघितले गेले.

हे पोलंडचे आपल्याला जवळून लागू आहे. २०२१-२२ च्या हंगामात भारतातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. १ जून २०२२ पासून केंद्र सरकारने निर्यातीवर निर्बंध आणले आणि २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीला परवानगीच दिली नाही. ज्या कोणी आधी सौदे करून ठेवले असतील त्याच्या करारात सरकारी बंदीचे कलम होते की नव्हते, यावर त्याचे सगळे अवलंबून. पाऊस आपल्या हातात नाही, बंदी आपल्या हातात नाही. कलम मात्र सही करण्याआधी आपल्या हातात असते.

आणखी एक प्रसंग थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीत लष्कराने उठाव केला तेव्हा क्युबाची प्लाया लार्गा ही बोट वाल्पाराइसो बंदरात साखर उतरवत होती. उठावाच्या दिवशीच हवानाच्या सांगण्यावरून ती उरलेली साखर पोटात घेऊन निघून गेली. मागून येणारी मार्बल आयलंड्स बोट वाटेतून वळवली आणि तिची साखर शेवटी उत्तर व्हिएतनामच्या लोकांना देऊन टाकली. चिलीच्या साखर कंपनीने मग इंग्लंडच्या सन्डरलंड बंदरात क्युबाची एक नवी कोरी बोट अडकवली. तिचे नाव "पक्षाचे पहिले अधिवेशन". क्युबा म्हणाला, आम्ही सार्वभौम राष्ट्र, आमच्यावर दावा चालत नाही. १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हे फेटाळले. राष्ट्र व्यापारात उतरले की व्यापाऱ्यासारखेच जबाबदार, मग व्यवहार मोडण्याचे कारण कितीही राजकीय असो.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ प्रमाणे परक्या राष्ट्रावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. त्याचा आधार घेऊन इथिओपियाच्या सरकारी विमान कंपनीने मुंबईहून टांझानियाला पाठवलेल्या रंगद्रव्याच्या मालाबद्दलची तक्रार परतवून लावायचा प्रयत्न केला. तक्रार महाराष्ट्राच्या राज्य ग्राहक आयोगापुढे होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्यापार करणाऱ्या विमान कंपनीला ही ढाल मिळणार नाही. म्हणजे वारे इकडेही त्याच दिशेने आहे.

मग आपल्या साखरेचे काय? बहुतेक सहकारी कारखाने थेट परदेशी विकत नाहीत. निर्यातदार व्यापाऱ्याला कारखाना दारात विकतात, पैसे रुपयात, आणि ते भरल्याशिवाय गोदामातून पोते हलत नाही. अशा सौद्यात परदेशी कोर्टाचा ताप व्यापाऱ्याच्या डोक्यावर. म्हणूनच त्याचा भाव आणि बंदरातला भाव यांत फरक असतो, आणि त्या फरकाला नुसती दलाली म्हणून नावे ठेवणे मला रास्त वाटत नाही. त्यात जोखमीची किंमत आहे. ज्या दिवशी कारखाना स्वतः बोटीवर पोच विकायला निघेल त्या दिवशी तो फरक आपला, आणि जोखीमही आपली.

वाद झालाच तर कोणत्या चावडीत, हे करारात लिहिलेले असते. लंडनच्या कोर्टाची डिक्री आपल्याकडे कलम ४४-अ प्रमाणे जिल्हा न्यायालयात थेट बजावता येते, कारण ब्रिटन त्या यादीत आहे. अमेरिका त्या यादीत नाही, तिथली डिक्री घेऊन आलेल्याला इथे पुन्हा दावा करावा लागतो आणि कलम १३ च्या कसोट्यांतून जावे लागते. आपण त्यांच्याकडे गेलो तर तिकडचेही असेच फाटे असतात. म्हणून जगातले साखरवाले कोर्टापेक्षा लवाद पसंत करतात. कच्ची साखर असेल तर शुगर असोसिएशन ऑफ लंडन, पांढरी असेल तर रिफाइंड शुगर असोसिएशन, तीही लंडनचीच. १९५८ च्या न्यूयॉर्क करारावर १७० हून अधिक देश आहेत, भारतही आहे. त्यामुळे लवादाचा निवाडा बहुतेक मुलखांत चालतो. आपल्याकडे तो १९९६ च्या लवाद कायद्याखाली बजावतात. खर्च मात्र पौंडात येतो.

तेव्हा मेळाव्यातल्या त्या सभासदाला माझे उत्तर असे, की साखर बोटीत चढली म्हणजे पावती आली. पैसे येतात ते कागद जुळले तर, आणि पैसा ज्या गावच्या बँकेत बसलेला असतो त्या गावच्या हुकुमाने. होर्नफेल्सच्या वेळी पैसा न्यूयॉर्कात होता, साखर, बोट आणि सरकार कुठेही असो. कोणाला निर्यातीच्या कराराचा नमुना वाचायचा असेल तर साखर विक्री विभागात मागावा. लवादाचे कलम बहुधा शेवटच्या पानावर बारीक टाइपात असते, चष्मा घेऊन यावे.